दिवेलागणीनंतर

रबरी चेंडूचा वास आला की मला दोह्यातला तो उन्हाळा आठवतो. वर्ल्ड कपच्या तयारीत रस्तोरस्ती फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची पोस्टर्स लागली होती, आणि अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआतल्या वसाहतीत, नियम येऊ घातला होता: सोळाच्या आतल्या मुलांनी अंधार पडल्यावर घराबाहेर थांबायचं नाही. क्लबहाऊसमध्ये मीटिंग भरली, तेव्हा आमची चौदा वर्षांची लेक चेंडू काखेत धरून उभी राहिली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, “अंकल, दिवसा तापलेल्या कोर्टवर बुटांचे तळवे वितळून चिकटतात. मग आम्ही खेळायचं कधी?” कमिटीचे गृहस्थ हसले, “बेटा, रूल सबके लिए है.” तिचे बाबा माझ्या शेजारीच होते. “आम्हीसुद्धा नाशकात दिवेलागणीला घरात असायचो,” म्हणत त्यांनी नियमाच्या बाजूने हात वर केला. विरोधात माझा एकटीचाच हात होता. नाशकात दिवेलागणीला मुलांचा दिवस संपायचा, इथे तो तेव्हा कुठे सुरू व्हायचा, हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. पुढे ते कंपाउंडही सुटलं. आता ती सुट्टीत घरी आली की दार लावून खोलीत बसते. “जरा बाहेर पड गं,” तिचे बाबाच दाराबाहेरून विनवतात. आतून उत्तर येतं, “सवय गेली, बाबा.”