वाढत्या अंगाची आत्ती

आत्तीने आयुष्यात कुठल्याही लेकराला पहिल्या दिवशी अंगाला बसेल असा कपडा दिला नाही. भवानी पेठेतल्या शाळेच्या गणवेशांच्या दुकानात ती काउंटरमागे उभी असायची. समोर एखादी आई, तिच्या पदराला पोरगं. आत्ती पोराकडे एक नजर टाकायची, फळीवरचा शर्ट काढायची आणि त्याच्या खांद्याला लावून बघायची. बाह्या कोपराखाली, घेर गुडघ्याला टेकलेला. आई म्हणायची, "अहो, पार लोंबतोय की!" आत्तीचं उत्तर ठरलेलं. "वाढत्या अंगाचं घ्यावं, ताई. लेकरू काय हितंच थांबणार हाय का?" हेच वाक्य तिला तेलुगूत यायचं, कानडीत यायचं आणि दखनीतही यायचं. सोलापुरातल्या कितीतरी शाळांत प्रार्थनेला उभी राहिलेली ती ढगळ रांग आत्तीच्या हातची होती.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली आणि पुन्हा कुठे गेली नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तिची खाट दाराजवळ असायची. बाबा कामगार संघटनेची पत्रकं वाटत फिरायचे, आईचं सगळं लक्ष घरात, त्यामुळे दादाची आणि माझी खरेदी आत्तीकडे. आमचे बूट नेहमी मोठे. पायातून निघू नयेत म्हणून ती पुढे बाबांची उरलेली पत्रकं चुरगळून कोंबायची. समतेच्या आणि आठ तास कामाच्या घोषणा मी डोळ्यांनी वाचायच्या आधी पायाच्या बोटांनी वाचल्या.

नवं असायचं तेव्हा ते मोठं असायचं आणि मापाचं होईपर्यंत जुनं झालेलं असायचं. मी भांडायचे. एकदा तरी मला बसेल असा फ्रॉक आण म्हणून रडायचे. त्यावर ती चिडायची नाही, घाबरायची. "मापाचं मागू नये बाई," ती हळू आवाजात म्हणायची, "मापाचं घेतलं की पोरगं तितंच आडतं." लोकांना वाटायचं, ती काटकसर शिकवते. तसं नव्हतं. ढगळ कपडा हा तिचा लेकरांना दिलेला आशीर्वाद होता. ज्याच्या बाह्या दुमडलेल्या आहेत त्याला अजून वाढायचं आहे, असा तिचा साधा हिशोब.

स्वतःसाठी मात्र ती कधी काही घ्यायची नाही. आईने नवी चोळी शिवायचा विषय काढला की म्हणायची, "मी काय आता वाढणार हाय?" दुकानात तिला बसायला जागा नव्हती. मालकाला खुर्ची होती, गिऱ्हाइकाला बाक होता. दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी स्टूल मागितलं तर उत्तर मिळायचं, बसलेली बाई आळशी दिसते. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा पोटऱ्या सुजून दगड झालेल्या असायच्या आणि त्यांवरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. बाईचे पाय सुजले तरी चालतील, दुकानाची शोभा बिघडू नये, ही रीत ज्यांनी घातली त्यांना मी आजही माफ करू शकत नाही. मी दुकानाच्या दारात पत्रक वाटते म्हणाले, तेव्हा आत्ती म्हणाली, "वाट की. पर सीझन झाल्यावर वाट. जून तोंडावर आलाय."

तिचं पोट दुखायला लागलं ते अशाच एका सीझनमध्ये. तपासण्या झाल्या, दवाखाने झाले आणि शेवटी डॉक्टरांनी तो सभ्य सल्ला दिला, जो ऐकला की घरचे समजून जातात: आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. आवडेल ते तिला जात नव्हतं. शेंगाचटणीचा वासही सोसत नव्हता. हाताची काडी झाली, चोळी खांद्यावरून घसरायला लागली. एका दुपारी ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आता माझंच समदं वाढत्या अंगाचं झालं की गं." आम्ही हसलो. मग आई आत गेली आणि तिने उगाच नळ सोडून ठेवला.

त्याच दिवसांत स्नेहलवहिनीला दिवस गेलेले होते आणि ती बाळंतपणाला अकलूजला माहेरी गेली होती. बाळाची वाढ कमी आहे, बाळ बारकं राहील, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादा पुण्यात नोकरीला. त्याने जुनी गाडी घेतली होती. बाळ अकलूजहून आधी सोलापूरला येणार होतं आणि मग पुण्याला जाणार होतं. दादाने पुण्याच्या रस्त्यावर एक अपघात पाहिला होता. त्याबद्दल तो कधी पूर्ण बोलला नाही. एवढंच म्हणाला, "हातात बाळ राहत नाही. कितीही घट्ट धरलं तरी." सुट्टीला घरी आला तेव्हा त्याला गाडीत बांधायची बाळाची खुर्ची घ्यायची होती.

"खुर्ची कशाला?" आई म्हणाली. "मांडी हाय की माझी. तुमी दोघं एसटीत माझ्या मांडीवरच वाढलात."

"मांडीला माया असते, पट्टा नसतो," मी म्हणाले.

"पत्रकात घाल हे," खाटेवरून आत्ती म्हणाली.

आईचा दुसरा आक्षेप जास्त खोल होता. बाळ जन्माला यायच्या आधी त्याची वस्तू घरात आणायची नाही. पाळणा नाही, टोपडं नाही, काही नाही. "आपल्यात चालत न्हाय. लेकरू होऊ दे, मग बघू."

आत्तीने विचारलं, "झाल्यावर मी आसंन का?"

आई पदराने खाटेची कड पुसायला लागली.

"तुमी आणू नगा. मी आणते," ती म्हणाली. "माझं आता काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय? आन् खरेदीला मी न्हाय तर कोण?" शेवटी असं ठरलं, की निवडायचं आत्ताच, पण वस्तू दुकानातच ठेवायची. बाळ झाल्यावर दादाने तिथूनच उचलायची. आईने त्यालाही होकार दिला नाही, पण आत्तीला रिक्षात बसवायला तीच आधी पुढे झाली.

आम्ही चौघं सात रस्त्याकडच्या दुकानात गेलो. गेल्या गेल्या तिथल्या माणसाने आत्तीला खुर्ची दिली. ती बसेना. दुकानात बसायची तिला सवयच नव्हती. दादाने खांदे धरून बसवलं तेव्हा टेकली. मग त्या माणसाने दोन सीटा समोर मांडल्या. एक लहान, टोपलीसारखी, वर कडी असलेली. "ही फक्त तान्ह्या बाळाची. बाळासकट उचलून घरात नेता येते. पण वर्षभरात कमी पडते." दुसरी मोठी, राजाच्या आसनासारखी. "ही कन्व्हर्टिबल. गाडीतच बांधलेली राहते. बाळ वाढेल तसे पट्टे वर घ्यायचे, डोक्याचा टेका वर घ्यायचा. चार वर्षं बघायला नको." आणि आत्तीकडे वळून तो कौतुकाने म्हणाला, "वाढत्या अंगाची आहे, काकू."

आम्ही तिघांनी एकदम आत्तीकडे पाहिलं. तिचं वाक्य तिला काउंटरच्या अलीकडे बसून पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं.

"मोठीच द्या," ती सवयीने म्हणाली.

मीही मोठीच्या बाजूने होते. एका लेकरामागे दोन दोन खुर्च्या विकायच्या, भीती आईबापांच्या मनात पेरायची आणि माल आपल्या गोदामातून काढायचा, या धंद्याला आपण बळी पडायचं नाही, असं मी बरंच काही बोलले. आजूबाजूची दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली.

"झालं का भाषण?" आत्ती म्हणाली. "आता ती पिशवी दे हिकडं."

उलटी आली तर असाव्यात म्हणून तिच्या पिशवीत एक टॉवेल आणि एक जुनी चादर असायची. तिने टॉवेलची घट्ट गुंडाळी केली, भोवती चादर लपेटली, वर एक गाठ मारून डोकं केलं. एवढंसं गाठोडं. "डॉक्टर बारकं म्हणलेत न्हवं? हे एवढं आसंल," असं म्हणून तिने ते मोठ्या सीटमध्ये ठेवलं. गाठोडं खाली घसरलं. पट्टे त्याच्या खांद्यांच्या बरेच वरून निघत होते. दुकानातल्या माणसाने आत मऊ गादी घातली, पट्टे अगदी खालच्या खाचेत घेतले. तरी डोक्याची गाठ पुढे झुकून छातीवर पडली. "बाळ अंगाने चांगलं असेल तर बसतं, काकू," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "फार बारकं असेल तर नाही." मग आत्तीने गाठोडं उचलून लहान सीटमध्ये ठेवलं. ते तिथे बसलं. पट्टे खांद्यावर आले, मान टेकली. चादरीचंच होतं, पण आईने नकळत त्याच्यावरून हात फिरवला.

दादा कपाळ चोळत होता. "तरी मोठीच घेऊ, आत्ती. सुरुवातीचे दोन-तीन महिने स्नेहल मांडीवर घेईल. मी गाडी हळू चालवीन."

"म्हंजी ही खुर्ची म्होरच्या सालच्या लेकरासाठी," आत्ती म्हणाली. "यंदाच्या लेकरानं कुटं बसायचं?"

दादाने कपाळावरचा हात खाली घेतला. ज्याने तो अपघात पाहिला होता तोच आता मांडीचं बोलत होता आणि ते त्याचं त्यालाही कळलं होतं.

आत्ती त्या गाठोड्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मापाची घ्या."

"वर्षात लहान होईल, आत्ती," दादा म्हणाला. "परत मोठी घ्यावी लागेल."

"तवा घ्या. तवाचं तुमी बघायचं. मला यंदाचं बघू द्या."

आपण म्होरच्या साली नसणार, हे तिने स्वतःच्या तोंडाने असं एकदाच कबूल केलं, तेही खरेदी करताना. जी बाई मापाच्या फ्रॉकला घाबरायची, तिने घरातल्या सगळ्यांत नाजूक लेकराला मापाची वस्तू घेतली. दुकानातून निघताना तिने त्या सीटच्या कडीला हात लावून नमस्कार केला.

अकलूजला मुलगी झाली. खरंच बारकी. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. सवा महिना झाल्यावर दादा तिला आणि वहिनीला घेऊन आला. आमच्या बोळात गाडी येत नाही. कोपऱ्यावर गाडी लावून तो सीटची कडी कोपरात अडकवून चालत आला, आत मुलगी गाढ झोपलेली. समोरच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "आरं, लेकरू आणलंस का मंडईतनं भाजी?" आत्ती हसली आणि हसताना पोट धरलं.

दादाने सीट अलगद तिच्या खाटेवर ठेवली. आत्तीने आधी चेहरा पाहिला नाही. आधी पट्टा पाहिला, खांदा पाहिला, मान पाहिली. दुकानातली नजर. "बसलंय की गं बरूबर," ती म्हणाली, आणि मग तिने तोंडाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली.

घरी पोचल्यावर बाळाला सीटमध्ये फार वेळ ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनीने पट्टे सोडले. "मांडीवर घेता, आत्ती?"

"नगं. पोटाला वजन सोसत न्हाय. हितं बाजूला निजव." वहिनीने मुलीला तिच्या कुशीजवळ निजवलं. आत्तीने हात लांबवला तो रिकाम्या सीटकडे. आत पंजा ठेवून ती म्हणाली, "ऊब हाय अजून." मुलगी शेजारी जिवंत निजलेली असताना ती बाई खुर्चीची ऊब घेत होती, कारण लेकराचं वजन तिच्याच्याने पेलत नव्हतं. मी तोंड फिरवलं.

आठवड्याने पुण्याला निघायचा दिवस आला. आत्तीने हट्ट धरला, की कोपऱ्यापर्यंत येणार. दादाने आणि शेजारच्या अण्णांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलून नेलं. ती घराबाहेर आली ती तेवढीच. त्यानंतर ती खाटेवरून उठली नाही आणि पुढच्या अमावास्येच्या आधीच गेली.

दादा गाडीत सीट अडकवत होता. आई वाकून बघत होती. "आरं, तोंड मागं करून कशाला बसवलंस? उलटं?"

"तान्ह्या बाळाला असंच बसवतात, आई. मान कच्ची असते. जोरात ब्रेक लागला तर सगळा भार पाठीवर येतो, मानेवर नाही."

"जाताना माणूस म्होरं बघून जातं," आई पुटपुटली.

आत्तीने मला जवळ बोलावलं. "म्हंजी गाडी तिकडं गेली तरी तिचं तोंड हिकडंच?"

"हो आत्ती. आपल्याकडे."

गाडी सुरू झाली. मागच्या काचेतून मुलगी दिसत नव्हती, वहिनीचं डोकं तेवढं दिसत होतं. आत्तीने हात वर केला. हलवला नाही, नुसता उंच धरून ठेवला, हाताची ती काडी.

"बघतीय न्हवं?"

"बघतेय, आत्ती."

गाडी वळली, दिसेनाशी झाली, तरी तिने हात खाली घेतला नाही. मग स्वतःच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बास. आता न्या मला."