एकतीस तारखेचा निरोप

बटणांची काजे करणाऱ्या बाईची सगळी कमाई डोळ्यांवर चालते. ताईने गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जन्मभर हाताने काजे केली आणि त्याच कमाईवर आईवेगळ्या धाकट्या भावाला शिकवले. महिन्यांचे दिवसही त्याला तिनेच शिकवले. त्याची मूठ हातात धरून ती बोट फिरवी. उंचवट्यावरचा महिना एकतीसचा, खळग्यातला तिसाचा, "आणि फेब्रुवारी बिचारा त्याहून लंगडा!"

भाऊ मोठा झाला व संगणकाचे प्रोग्रॅम लिहू लागला. तारखांचे काम किचकट असते, म्हणून कचेरीत ते कोणी अंगावर घेईना. त्याने घेतले. तेव्हापासून सगळे त्याला तारीखमास्तर म्हणू लागले. हे नाव त्याला आवडे, आणि ताईला त्याहून अधिक.

ताईचा उजवा डोळा पूर्वीच गेला होता. डाव्या डोळ्याच्या पडद्यात रक्त पाझरू लागले, तेव्हा डॉक्टरांनी दर महिन्याला एक इंजेक्शन सांगितले व एकही चुकू नये अशी ताकीद दिली. त्या रुग्णालयाकडून फोनवर निरोप येई. तो दाखवल्याशिवाय दारावरची बाई कोणाला आत सोडत नसे. निरोप धाडणारा प्रोग्रॅम तारीखमास्तराचाच होता. "माझ्या भावाने धाडलाय," असे ताई दारावर ऐटीत सांगे.

पहिले इंजेक्शन जुलैच्या एकतीस तारखेला झाले. ऑगस्टच्या एकतीसला निरोप आला, ताई गेली. सप्टेंबर सरला, तरी फोन मुकाच. तिने भावाला कचेरीत फोन लावला.

"अरे, या महिन्याचा निरोप नाही आला."

"येईल गं ताई. वेळ झाली की येतोच."

"वेळ होऊन गेली असं वाटतंय मला."

"तुला वाटून कसं चालेल? प्रोग्रॅम मोजतो. मी लिहिलाय तो! माझ्यावर भरवसा नाही का?" पलीकडे कोणीतरी हसले. "ठेव आता, कामात आहे."

तरीही ती रुग्णालयात गेली. दारावरची बाई म्हणाली, "मावशी, निरोप नाही तर नंबर नाही. घाई कसली? मशीन विसरत नाही." ताई घरी परतली. भावाच्या शब्दाखातर तिने आपल्या मनातली शंका गप्प बसवली.

एके सकाळी काज करताना तिला कापडाच्या मधोमध काळा डाग दिसला. तिने तो झटकला. डाग कापडावर नव्हता.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

भावाने प्रोग्रॅम उघडला. दर महिन्याला पहिल्या इंजेक्शनच्याच तारखेस निरोप धाडावा, असे त्याने लिहिले होते. ती तारीख त्या महिन्यात नसली तर काय करावे, हे लिहिलेच नव्हते. सप्टेंबरला एकतीस तारीख नसते. प्रोग्रॅम तो महिना ओलांडून पुढच्या एकतीसची वाट पाहत बसला होता.

त्याने ताईसमोर बसून हे सारे खाली मानेने सांगितले. तिने चाचपडत त्याचा हात शोधला, मूठ वळवली, उंचवट्यांवरून बोट आणले आणि खळग्यात थांबवले.

"इथं पडले होय मी?"

"आता दुरुस्त केलंय, ताई. तारीख नसली तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी जाईल. एका ओळीचं काम होतं."

"एका ओळीचं!" ती हसली, पण ते हसू त्याला ऐकवेना. "चांगले दिवे लावलेस, मास्तर."

कारखान्यात तिच्या जागी दुसरी बाई बसली. भाऊ ताईला आपल्या घरी घेऊन आला. महिनाअखेर होताच तिचा फोन वाजला.

"यादीतून तुझं नाव काढतो, ताई. आता त्याचा उपयोग नाही."

"काढायचं नाही. मला दिसत नाही, तू वाच."

"ताई, राहू दे ना."

"वाच म्हणते ना. आणि मोठ्याने वाच."

तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी, न चुकता, तारीखमास्तर आपल्या बहिणीला वाचून दाखवतो: आपल्या इंजेक्शनची वेळ झाली आहे, कृपया विलंब करू नये.