अनुसयाबाईचं पांढरं देऊळ

आज पूजेत मन लागलं नाही. म्हणून अनुसयाबाईबद्दलच लिहिते.

वर्ध्याकडं, जाम गावाच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाबाहेर महादेवाचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ. अनुसयाबाई तिथली गुरवीण. लग्न होऊन आली ती देवळाच्या चाकरीतच. नवरा गेला तेव्हा सासऱ्यानं किल्ली तिच्याच हाती दिली. पहाटे झाडलोट, देवाला पाणी, सोमवारी घरोघरी बेल. जीभ मोठी तिखट. एकदा माझ्या ओसरीवर बेल ठेवता ठेवता म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमचे देव पितळेचे, घासले का चमकतेत. माहा देव काळा तो काळाच. कितीक घासू?" मूलबाळ नाही. म्हातारपणी कोण पाहील, असं कोणी विचारलं की देवळाकडे हात करायची.

गेल्या पावसाळ्यात मंडपाची तुळई तडकली. आमच्या घरच्यांनी, म्हणजे बंडोपंत मास्तरांनी, सरकारात अर्ज केला, की देऊळ पुरातन आहे, सरकारनं ताब्यात घेऊन दुरुस्त करावं. माघात उत्तर आलं. पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहायला येणार.

आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुणा येणार म्हटलं की आधी भिंतीला चुना. सोयरीक जमवायची असली तर विचारूच नका. अनुसयाबाईनं पदर खोचला. "सरकार पाहाले येऊन राह्यलं, अन् माहा देव असा धुरकट बसन?" घरोघरचा दिवाळीचा उरलेला चुना गोळा झाला, वर नीळ घातली. आम्ही सगळ्या बाया लागलो. हे वर्ध्याला गेले होते, नाहीतर अडवलं असतं. नंदीजवळचा खांब मी स्वतः रंगवला, नाम घेत घेत. संध्याकाळी देऊळ खडीसाखरेसारखं दिसायला लागलं. अनुसयाबाई लांब जाऊन पाहून आली. डोळे पुसत म्हणाली, "आता नाई म्हनून दाखवो सरकार!"

परवा साहेब जीपमधून उतरले आणि जागीच थांबले. मग एका खांबावरून हात फिरवला. हात पांढरा झाला.

"इथली नक्षी कुठं आहे?"

खांबांवर बारीक हंसांच्या ओळी होत्या, एका ठिकाणी कोरलेली अक्षरं होती. चुन्यानं खाचाच भरून गेल्या होत्या. आम्ही रोज पाहत होतो आणि कधी पाहिलं नव्हतं.

"कोणी केलं हे?"

अनुसयाबाई हौसेनं पुढं झाली. "म्या केलं, साहेब. तुमी येनार म्हनून."

त्यांचा शिपाई ओमप्रकाश फिसकन हसला. "वा बाई! भोलेनाथ को दूल्हा बना दिया!" मग सगळं गाव हसलं. ह्यांचे कान लाल झाले. हे म्हणाले, "अडाणी बाई आहे, साहेब. माफ करा."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "नंदीजवळचा खांब माझा आहे."

साहेबांनी वळून हात जोडले. "तुम्ही भक्तीनं केलंत, वहिनी."

चुना एकाच हंड्यातला होता.

साहेब वाईट नव्हते. देऊळ सरकार घेईल म्हणाले. तुळईला टेकू येईल, चुना काढायला जाणती माणसं येतील, तोवर कोणी खरवडू नका. पण या बाईंना आत जाऊ द्यायचं नाही, किल्ली मास्तरांकडे राहील. अनुसयाबाईनं कंबरेची किल्ली सोडायला घेतली. गाठ सुटेना. कोणी पुढं झालं नाही. मीही नाही.

किल्ली आमच्या खुंटीला आली. जेवताना मी म्हटलं, "तिची तिला देऊन टाका."

"सरकारी हुकूम आहे."

"अडाणी म्हणायचाही हुकूम होता का?"

ताक तसंच ठेवून हे उठले.

आज सोमवार. बेल आला, पण ओसरीवर नाही, अंगणाच्या कडेला. ठेवून ती परत निघालीही होती. मी किल्ली घेतली आणि धावत मागं गेले. "चला अनुसयाबाई, मी उघडते. पाणी तुम्ही घाला."

ती मागून आली. मी दार उघडलं. ती पायरीखालीच थांबली.

"या ना आत."

"मले मनाई हाय, तुमाले नाई."

"अहो, मीही तोच चुना..."

"घाला पानी, मास्तरीणबाई. दोन दिस झाले, देव कोरडा हाय."

मी आत गेले. इतक्या वर्षांत पिंडीला कधी हात लावला नव्हता. पाणी घातलं, बेल वाहिला. मंत्र आठवेना. भिंती इतक्या पांढऱ्या, की डोळे वर करवेनात.

बाहेर आले तर अनुसयाबाई वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. मी देवाला शिवून आले होते म्हणून. माझ्या आईच्या वयाची बाई. मला पाय मागं घेणंसुद्धा सुचलं नाही.