कळलावीचा कोंब

तासगावच्या बाजारात एक म्हातारी रानातल्या कळलावीचे कंद विकते. टोकाचा एकुलता कोंब जपत, दोन्ही हातांनी उचलून देते. म्हणते, "एकदा रुजली की दरसाल आपसूक फुलती."

मी एक कंद नेऊन लावला. महिनाभर काही उगवेना, तेव्हा मी रागाने कंद उकरला आणि चारचौघांत तिच्यापुढे आदळला. "मेलेला माल खपवतेस व्हय, म्हातारे?"

तिने टोकावरून अंगठा फिरवला. "आवं, जिता हुता ह्यो. कोंब आत्ता मोडलाय. खुरपं लागलं का?"

लागलं होतं. मोडल्याचा आवाजही मी ऐकला होता.

"नाही," मी म्हणालो.

शेजारी उभी असलेली गिऱ्हाईक बाई निवडलेले कंद ठेवून निघून गेली. म्हातारीने मला दुसरा कंद दिला. मी घेतला.

धंद्यात मला कुणी कसं फसवलं, हे मी सगळ्यांना ऐकवतो. हे मात्र घरीही सांगितलेलं नाही.