फासळ्यांतली भोकं

बाबांची जुनी होडी आम्ही किनाऱ्यावर दुरुस्त करतोय. पुढच्या आठवड्यात ते तिच्यातून पुन्हा मासेमारीला जाणार. होडीच्या पोटात साठणारं पाणी उपसायला पंप कुठला, कुठे बसवायचा, हे मी वहीत आकृती काढून ठरवलं. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

काल बाबांनी पुढच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं. मागे बसवलेल्या पंपापर्यंत ते आलंच नाही.

"पंप बरो हा गो," बाबा हसले, "पण पाणी थंय पोचाक होया."

होडीच्या आडव्या लाकडी फासळ्यांच्या बुडाशी पाणी पुढून मागे जायला भोकं असतात. गळतीची समजून मीच ती लांबीचा लगदा भरून बुजवली होती. हे समुद्रात कळलं असतं तर?

बाबांनी एकेक भोक मोकळं केलं. मी बघत राहिले. हुशारी माझी होतीच. पण आईने मला कधी मासळीच्या पाटीला हात लावू दिला नाही, परीक्षेच्या दिवसांत बाबांनी रेडिओ लावला नाही. माझ्यासाठी अशा किती वाटा कुणी मोकळ्या ठेवल्या, ते मी कुठे मोजलं होतं?

दुसरी बादली ओतली. पाणी सावकाश मागे आलं आणि पंपाने ते धारेने बाहेर फेकलं.

मी वही उघडली आणि आकृतीत आधी ती भोकं काढली.