सुंदराआजीची तीनशे बाराची साखर

सुंदराबाई म्हणजे माझी आजी. शेंदूरजनाघाटच्या संत्रा मंडीत ती छत्तीस वर्षं फळं निवडते आहे. दोन वर्षांपासून मात्र डोळ्यांत मोतीबिंदू. हिरवं फळ पिवळ्यांत टाकते आणि वर व्यापाऱ्यालाच ऐकवते, "मालच तुहा खराब!" यंदा ऑपरेशन झालं नाही, तर मंडी तिला घरी बसवणार. एवढं तिलाही दिसत होतं.

अमरावतीच्या दवाखान्यातून आम्ही दोनदा परत आलो. कारण एकच, साखर. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, की ते मुठीएवढं मशीन आकडा सांगणार. आधी दोनशे नव्वद, मग तीनशे दहा. साखर वाढलेली, म्हणून ऑपरेशन रद्द. घरी येऊन आजीनं फिका चहा प्यायला, भात सोडला आणि प्रत्येक घासाला आमचा उद्धार केला.

तिसऱ्यांदा गेलो. आजी रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाही. याही वेळी बाकावर बसल्या बसल्या पिशवीतली संत्री सोलून फोडी वाटणं सुरू. "घे वं माय, उपाशी कावून बसली?" स्वतः मात्र रात्रीपासून पाण्यावर. साखर तपासणाऱ्या आरती सिस्टरच्या हातातही एक अख्खं संत्रं कोंबलं. सिस्टरनं ते सोललं, दोन फोडी तोंडात टाकल्या, कापसानं आजीचं बोट पुसलं आणि टोचलं.

"तीनशे बाऽऽरा! पथ्य पाळता की नाही, आजी? पुढल्या महिन्यात या."

"मी चाय बी नाई घेतली! तुही मशीनच बिघडली. तुह्या बोटाले टोचून पाह्य!"

"मला काही नाहीये हो!"

"मंग भेतं कावून?"

सगळा बाक हसायला लागला. सिस्टरनं चिडून स्वतःच्या बोटाला टोचलं. दोनशे अडुसष्ट.

तिचा चेहरा उतरला. "अगं बाई!" करत ती हाताकडे बघत राहिली. मग बोटं नाकाशी नेली, उठली, साबणानं खसाखसा हात धुतले, पुन्हा टोचलं. अठ्ठ्याण्णव.

"आजी! संत्र्याचा रस आहे तुमच्या बोटांना! नुसतं कापसानं तो जात नाही. आधी हात धुऊन या!"

"अवो, हे पयलेच सांगता येत नव्हतं? दोन खेपा हेलपाटे घालून राहिलो ना आमी!"

आजीनं कोपरापर्यंत हात घासले. एकशे सोळा. ऑपरेशनच्या यादीत नाव लागलं.

आत नेताना डॉक्टरांनी हातातली चिठ्ठी उलटत विचारलं, "कुठला डोळा, आजी?"

"चिठ्ठीवर लिवला हाये ना? का ते सांगाले बी मशीन आनता?"