उथळ टोकाला

गेल्या वर्षी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी पहिली ट्रायथलॉन पूर्ण केली. सायकल चालवली, धावलो, त्यात खोट नव्हती. खोट होती ती त्याआधीच्या पोहण्यात. जलतरण तलावाच्या उथळ टोकाला दम लागला की मी पाय टेकवायचो आणि वरून हात मारत चार-पाच पावलं चक्क चालायचो. पाण्यात एवढा गोंधळ होता की कुणाला कळलं नाही. हे नियमात बसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी निर्लज्जासारखं मेडल गळ्यात घालून घेतलं आणि फोटोही काढला.

तो फोटो चुलतभावांनी चिखलीच्या चौकात फ्लेक्सवर लावला. आमच्याकडे वाढदिवसालाही फ्लेक्स लागतो, त्यामुळे नको म्हणायला सबब सापडेना. चाकणला शिफ्टला जाताना मी तिथून मान खाली घालून गाडी दामटायचो.

एका रविवारी वडील मला त्या चौकातल्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. आमची विहीर कधीच बुजली, पण पाठीला भोपळा बांधून अर्ध्या गावाला तिच्यात पोहायला त्यांनीच शिकवलं होतं, मलाही. फ्लेक्सकडे बोट करून ते टपरीवाल्याला म्हणाले, "ह्यो आमच्या हिरीत शिकलाय. तिथं तळच लागत नव्हता. पाय टेकायची सवयच न्हाई त्याला."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हय का न्हाई?"

मी म्हणालो, "व्हय."